कण्या, आंबील, लापशी रवा, ओट्स : घरादाराचा सकाळचा वाडगा

आमच्या घरात ओट्स आले ते सासऱ्यांच्या रक्ततपासणीमागून. कोलेस्टेरॉल वाढलं होतं, डॉक्टर म्हणाले सकाळी ओट्स खात जा, आणि त्याच संध्याकाळी मी मोठी पिशवी घेऊन आले. चार दिवस मी ते गार दुधात टाकून, ढवळत ढवळत शिजवत राहिले. वाडग्यात खळीसारखा लगदा पडायचा. मुलीनं दोन चमच्यांत वाडगा बाजूला सरकवला, धाकट्यानं तोंडच उघडलं नाही, सासरे बिचारे काढा घ्यावा तसे गिळत होते. पाचव्या दिवशी सासूबाई ओट्याशी आल्या, मूठभर ओट्स तळहातावर पसरून पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, हे तर कण्यांचंच भावंड दिसतंय. कण्या काय आपण गार दुधात टाकतो का? आधी भाज, मग आधणात सोड.”

त्या मंगळवेढ्याच्या, ज्वारीच्या मुलखातल्या. मी कुडाळकडची, पेजेवर वाढलेली. त्या दिवसापासून आमच्या घरी सकाळी काही ना काही शिजवलेला वाडगा असतोच, कधी ओट्सचा, कधी कण्यांचा, कधी नाचणीचा. वर्षं झाली त्याला. मुलं आवडीनं खातात, सव्वासातला गॅस पेटवला तर साडेसातला वाडगे भरलेले असतात, आणि खर्च पोहे-उपम्याच्या आसपासच राहतो. धान्याला नावं ठेवली जातात, पण बहुतेक वेळा चुकलेली असते ती शिजवण्याची रीत. तीच इथे सविस्तर सांगते.

मापांसाठी वाटी म्हणजे १५० मिलिलिटरची, आपली नेहमीची आमटीची वाटी. मोठ्या माणसाला कोरडं धान्य ४० ग्रॅम, लहान मुलाला २५ ते ३० ग्रॅम पुरतं.

हा पदार्थ परका नाही

ओट्सच्या लापशीसाठी स्कॉटलंड प्रसिद्ध आहे. तिथल्या जुन्या रीतीत ती फक्त पाणी, मीठ आणि भरडलेले ओट्स घेऊन करतात, आणि ढवळायला एक गोल लाकडी काठी वापरतात. कॅरब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून लापशी करण्याची स्पर्धा भरते, तिच्या मुख्य गटात या तीन जिनसांपलीकडे काही घालता येत नाही. त्या काठीचं काम आपल्याकडे पळीचा दांडा करतो. आणि पाणी, मीठ, भरड हे तिन्ही तर आपल्या चुलीवर पिढ्यानपिढ्या शिजत आले आहेत. सोलापूरकडे ज्वारीच्या कण्या आणि हुलग्याचं माडगं, नगरकडे बाजरीचा घाटा, इगतपुरी-अकोले भागातल्या डोंगरात नागलीची आंबील, तळकोकणात उकड्या तांदळाची पेज, गोव्यात नारळाचा रस आणि गूळ घालून केलेलं नाचण्याचं तिझान. नागली आणि नाचणी एकच, नाव तेवढं मुलखागणिक बदलतं.

आपल्या दूध उत्पादकांना ओटही नवा नाही. रब्बीत जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी तो पेरला जातो. माणसाच्या ताटात तो पिशवीतून आला, म्हणून परका वाटला इतकंच.

ओट्स विकत घेताना

दुकानात चार प्रकार दिसतात. स्टील कट म्हणजे ओटच्या दाण्याचे दोन-तीन तुकडे केलेले, दिसायला थेट कण्यांसारखे. रोल्ड म्हणजे वाफवून चपटे केलेले, पोह्यांसारखे. क्विक किंवा इन्स्टंट म्हणजे आणखी पातळ आणि बारीक. चौथे मसाला ओट्स, छोट्या पुड्यांतले.

रोजच्यासाठी रोल्ड घ्या. ते आधीच वाफवलेले असल्यामुळे पाच-सहा मिनिटांत शिजतात आणि तरी दाणा राहतो. घरात मधुमेह असेल तर स्टील कट चांगले, कारण दाणा जितका अखंड तितकी साखर सावकाश चढते. इन्स्टंटचा लगदा होतोच, तुम्ही कितीही जपा. मसाला पुड्या मी घेत नाही. पुडीच्या मागे सोडियमचा आकडा छापलेला असतो, तो एकदा वाचून बघा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २ ग्रॅम सोडियमची, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मिठाची मर्यादा सांगते. त्यातला किती वाटा एका छोट्या पुडीत संपतो, हे आकड्यावरून लगेच कळतं. शिवाय घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे साखर यादीत किती वर आहे तेही दिसतं. साध्या ओट्सच्या पिशवीवर घटक एकच असायला हवा : ओट्स.

आता त्या चिकटपणाविषयी, कारण सगळ्यांची तक्रार तीच असते. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा पाण्यात विरघळणारा तंतू असतो, १०० ग्रॅमला साधारण ४ ग्रॅम. बुळबुळीतपणा बऱ्याच अंशी त्याचाच. तो आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त तयार करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. म्हणजे ज्याचा कंटाळा येतो तोच गुणाचा भाग आहे, तो धुऊन टाकायचा नाही, आटोक्यात ठेवायचा. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं १९९७ मध्ये या गुणाचा उल्लेख पाकिटावर करायला परवानगी दिली, ती रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जात असेल या हिशेबावर. ४० ग्रॅमच्या वाडग्यातून दीड ग्रॅमच्या आसपास मिळतं. कोलेस्टेरॉलसाठी खात असाल तर एका वाडग्यात निम्मं काम होतं हे धरून चला. आम्ही सासऱ्यांच्या भाकरीच्या पिठात मूठभर ओट्स दळून मिसळतो. आणि गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

ओट्स : गोड वाडगा, पायरी पायरीनं

दोन मोठे आणि दोन मुलं, अशा चौघांसाठी अडीच वाट्या रोल्ड ओट्स, म्हणजे साधारण १४० ग्रॅम. पाणी चार वाट्या, दूध अडीच वाट्या, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा तूप, गूळ.

जाड बुडाच्या पातेल्यात तूप टाकून ओट्स मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. रंग फार बदलायला नको. भाजक्या दाण्यासारखा खमंग वास सुटला की झालं. पोह्यांच्या चिवड्याला पोहे जसे हलके होतात तसे ते हाताला लागतात. चिकटपणाला निम्मा आळा इथेच बसतो.

शेजारच्या शेगडीवर पाणी उकळत ठेवलेलं असू दे. ते कढत पाणी ओट्सवर ओता, मीठ घाला, एकदा ढवळा आणि मग हात आवरा. सतत ढवळलं की पिष्ट सुटतं आणि खळ होते. मध्यम-मंद आचेवर पाच मिनिटं, मधे दोनदा तळापासून हलवलं तरी पुरे.

पाणी आटत आलं की दूध घाला. दूध सुरुवातीपासून घातलं तर ते तळाला लागतं, उतू जातं आणि वाडगा जड होतो. एक उकळी आली की गॅस बंद करून दोन मिनिटं झाकण ठेवा. झाकणाखाली दाणा फुलतो, ही दोन मिनिटं वाचवू नका.

गूळ सगळ्यात शेवटी. उकळत्या दुधात गूळ पडला तर दूध फाटण्याची भीती असते. मी चिरलेला गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून ठेवते आणि पातेलं उतरवल्यावर पाचेक मिनिटांनी घालते. गाळल्यामुळे कचराही निघतो. चौघांना मिळून दोन सपाट मोठे चमचे गूळ पुरतो. पिकलेलं केळं कुस्करून घातलं तर तेवढाही लागत नाही. सीताफळाच्या दिवसांत गर, हिवाळ्यात खजूर, उन्हाळ्यात आंब्याच्या दोन फोडी. गोड वाडग्यातही मिठाची चिमूट टाळू नका, तिच्याविना धान्याची चव झोपून राहते.

पातेलं थंड होत जाईल तसा वाडगा घट्ट होतो. म्हणून गॅसवरून उतरवताना तो तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा पातळच दिसायला हवा. उशिरा उठणाऱ्यासाठी ठेवायचा असेल तर खाताना अर्धी वाटी कढत पाणी घालून हलवा.

स्टील कट ओट्स असतील तर रात्रभर भिजवा आणि सकाळी एकास चार पाणी घालून कुकरला तीन शिट्ट्या द्या. कुकर निम्म्याच्या वर भरू नका आणि थेंबभर तूप जरूर घाला, नाहीतर फेस येऊन शिट्टीच्या भोकात अडकतो.

ओट्स : तिखट

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा हेच चालतं, आणि खरं सांगायचं तर मराठी जिभेला ओट्स याच रूपात आधी रुचतात. तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, मग कांदा, गाजर, मटार, जे असेल ते. दोन वाट्या ओट्सला पाव वाटी मुगाची डाळ, आदल्या रात्री भिजवलेली. भाज्या नि डाळ वाफवून झाली की हळद, मीठ, चार वाट्या कढत पाणी आणि भाजलेले ओट्स. पाच मिनिटांत होतं. वर लिंबू, कोथिंबीर, मूठभर दाण्याचं कूट. उपम्यासारखं मोकळं हवं असेल तर पाणी फक्त पावणेदोन वाट्या घ्यायचं, तेही शिंपडत शिंपडत, आणि झाकून वाफ काढायची.

लापशी रवा, म्हणजेच दलिया

बजेटच्या बाबतीत याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. गव्हाची भरड, कुठल्याही वाण्याकडे सुटी मिळते. बारीक, मध्यम, जाड अशा तीन प्रतवाऱ्या असतात, न्याहारीला मध्यम घ्या. घेताना मूठ नाकाशी नेऊन वास बघा, खवट किंवा कुबट असेल तर तो बराच काळ पडून आहे.

चौघांसाठी सव्वा वाटी रवा. तुपाच्या एका चमच्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजायचा, तांबूस होऊन घरभर वास जाईपर्यंत. कच्चा राहिला तर तो गिच्च होतो, मग कितीही काही घाला. हे काम सकाळी घाईत होत नाही, ते रविवारी करायचं, त्याबद्दल पुढे सांगते.

तिखट सांजा हवा असेल तर पाणी एकास अडीच, पातळसर खिचडीसारखा हवा असेल तर एकास चार. फोडणी कुकरमध्येच करा, पाव वाटी मुगाची डाळ, भाज्या, भाजलेला रवा, कढत पाणी, तीन शिट्ट्या. कुकर गार होईपर्यंत डबे भरून होतात. गोड करायचा तर पाण्यात मऊ शिजवून, उतरवून, मग गूळ, वेलची आणि ओलं खोबरं. खपली गहू मिळत असेल तर त्याची भरड एकदा करून बघा. तिला वेळ जास्त लागतो, रात्रभर भिजवून पाच-सहा शिट्ट्या, पण चवीला साध्या गव्हाहून कितीतरी सरस.

ज्वारीच्या कण्या

सासूबाईंचा हा खास प्रांत. कण्या बाजारात तयार मिळतात, पण गिरणीवाल्याला सांगितलं तर तो जाडसर भरडून देतो. सासूबाई ज्वारीला आधी पाण्याचा हात लावून तासभर झाकून ठेवतात, मग भरडल्यावर कोंडा पाखडून काढायला सोपा जातो. भरड चाळायची, चाळणीवर राहतात त्या कण्या, खाली पडतं ते पीठ भाकरीत जातं. काहीही वाया जात नाही.

एक वाटी कण्या रात्री दोन पाण्यांनी धुऊन तीन वाट्या पाण्यात भिजत ठेवा. सकाळी दोन वाट्या पाणी आणखी घालून, मीठ टाकून कुकरला चार शिट्ट्या. पातेल्यात केल्या तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तळाला लागू नयेत म्हणून तिथे मात्र ढवळावं लागतं. शिजल्यावर त्या फुलून भातासारख्या मऊ, पण दाताखाली दाणा लागेल अशा होतात. थोड्या कोमट झाल्या की घट्टसर ताक घाला. कढत कण्यांत ताक घातलं तर ते फुटून पाणी वेगळं होतं. वर लसूण-मिरचीची फोडणी, सोबत दाण्याची चटणी आणि कच्चा कांदा. उन्हाळ्यात ही न्याहारी दुपारपर्यंत पोट शांत ठेवते.

शाळेच्या घाईत मुलांना कांदा नको असतो. त्यांच्या कण्यांत मी दूध आणि थोडा गूळ घालते, एकाच पातेल्यातून दोन्ही प्रकार होतात. घरातल्या प्रत्येकाची आवड वेगळी असते, तेव्हा धान्य एकदाच अळणी किंवा बेताच्या मिठाचं शिजवायचं आणि वळण वाडग्यात द्यायचं. ही युक्ती सगळ्याच धान्यांना लागू पडते. तिच्यामुळे माझ्या सकाळी सुटसुटीत झाल्या.

नाचणी : आंबील आणि सत्त्व

नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गहू-तांदळापेक्षा कित्येक पट. प्रथिनं मात्र कमी, साधारण ७ ग्रॅम. म्हणून नाचणीचा वाडगा एकटा ठेवू नका. ताक, दूध, डाळीचं पीठ, दाण्याचं कूट यांपैकी काहीतरी त्यात हवंच.

आंबिलीसाठी रात्री चार मोठे चमचे नाचणीचं पीठ एक वाटी पातळ ताकात कालवून झाकून ठेवा. पीठ नेहमी गारच कालवायचं. गरम पाण्यात पडलं की गाठी बाहेरून शिजतात आणि आत कोरड्या राहतात, त्या मग मोडत नाहीत. सकाळपर्यंत पीठ किंचित आंबतं. थंडीत आंबत नाही, तेव्हा भांडं कुकरशेजारी किंवा ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवते. आंबवल्यानं चव तर येतेच, शिवाय धान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं, आणि त्याच्यामुळे अडून राहणारं लोह, कॅल्शियम अंगी लागायला सोपं जातं.

सकाळी तीन वाट्या पाणी मीठ घालून उकळा. गॅस मंद करून एका हातानं कालवलेलं पीठ ओतत, दुसऱ्या हातानं सतत ढवळत राहा. पाच-सात मिनिटांत रंग गडद होतो, तकाकी येते आणि कच्च्या पिठाचा वास जातो. वास गेल्याशिवाय उतरवायची नाही. कोमट झाल्यावर आणखी एक वाटी ताक, जिरेपूड, ठेचलेला लसूण, कोथिंबीर.

गोड सत्त्वाला थोडी पूर्वतयारी लागते, पण एकदा केलं की महिनाभर पुरतं. नाचणी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा, कारण तिच्यात बारीक खडे आणि माती असते. आठ ते बारा तास भिजवा, पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात दिवसभरात, थंडीत दीड-दोन दिवसांत बारीक पांढरे मोड दिसतात. फडकं सुकू देऊ नका, पण ते निथळतंही असू नये. मग सावलीत पूर्ण वाळवून, मंद आचेवर हलकं भाजून दळून आणा. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवलं तरी ओल राहते, अशा वेळी कढईत फार मंद आचेवर परतून ती काढावी लागते. ओल राहिलेल्या पिठाला बुरशी येते. तसं झालं तर सगळं टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका.

काही घरांत मोडाची नाचणी वाटून, फडक्यातून दूध गाळून, त्याचा साका वाळवतात. तेही सत्त्वच. ते पचायला हलकं, आजाऱ्याला आणि सहा महिन्यांवरच्या बाळाला योग्य, पण गाळताना कोंडा जातो आणि नाचणीचं पुष्कळसं कॅल्शियम त्या सालीतच असतं. मोठ्यांनी आणि शाळकरी मुलांनी अख्खं दळलेलं पीठच खावं, असं माझं ठाम मत आहे.

एका वाडग्याला दोन मोठे चमचे सत्त्व, अर्धी वाटी पाण्यात कालवून, एक वाटी उकळत्या पाण्यात शिजवून, उतरवून मग दूध किंवा नारळाचा रस आणि गूळ.

पेजेबद्दल थोडक्यात. अर्धी वाटी उकडे तांदूळ, सहा-सात वाट्या पाणी, मीठ, मंद आच. दाणा मऊ होऊन पाणी दाटसर व्हायला हवं. सोबत लोणचं किंवा भाजलेला सुका बांगडा. पोटाला आराम हवा असतो त्या दिवशी हिच्यासारखी दुसरी न्याहारी नाही. रोजच्यासाठी मात्र तिच्यात तंतू आणि प्रथिनं कमी पडतात.

रविवारचा एक तास

सकाळचा वेळ वाचतो तो इथे. अर्धा किलो ओट्स आणि अर्धा किलो लापशी रवा, दोन्ही वेगवेगळे, कोरडेच भाजून घ्या. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरले तर वाफ धरते. दाणे भाजून, सालं काढून जाडसर कूट. गुळाचं गाळलेलं पाणी बाटलीत, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. मग रोज रात्री झोपण्याआधी दोनच मिनिटांचं काम राहतं : उद्याच्या कण्या, डाळ किंवा पीठ भिजवणं.

साठवणीत ओट्सला जपावं लागतं. त्यांत १०० ग्रॅमला ७ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असल्यामुळे ते खवट होतात. पिशवी उघडल्यावर हवाबंद डबा, गॅसपासून लांब. बाजरीचं पीठ तर आठवड्यात कडू पडतं, ते थोडं थोडंच दळा.

खर्चाचा हिशेब

भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून रीत सांगते : किलोचा भाव घ्या, हजारानं भागा, चाळीसनं गुणा. उदाहरणादाखल ओट्स २०० रुपये किलो धरले तर एका वाडग्याला ८ रुपयांचे लागतात. लापशी रवा ६० रुपये किलो धरला तर २ रुपये ४० पैशांचा. मसाला ओट्सची ४० ग्रॅमची पुडी १५ रुपयांची धरली तर तो भाव किलोला ३७५ रुपये पडतो. तुमच्या दुकानातले आकडे घालून बघा.

हा हिशेब वहीत मांडला तेव्हा मला एक गोष्ट लख्ख दिसली. वाडग्यात धान्यापेक्षा दूधच महाग असतं. लिटरला ६० रुपये धरले तर १५० मिलिलिटर दुधाचेच ९ रुपये होतात. म्हणून महिनाअखेरीला आम्ही ताकाच्या आणि डाळीच्या वाडग्यांकडे वळतो, पोषण बिघडत नाही. बदामाऐवजी दाणे घ्या. प्रथिनं दाण्यांत बदामापेक्षा थोडी जास्तच असतात. ४० ग्रॅम ओट्सचे ५ ग्रॅम, १५० मिलिलिटर दुधाचे ५ आणि मूठभर, म्हणजे १५ ग्रॅम दाण्यांचे ४, असे एका वाडग्यात १४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं जमतात.

कुणासाठी काय बदलायचं

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला खिमटी द्यायची ती चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकी दाट. पाण्यासारखी पातळ पेज दिली तर इवलंसं पोट नुसत्या पाण्यानं भरतं. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, आणि मध तर मुळीच नको, त्यातून जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग होऊ शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूटच द्या.

मधुमेह असेल तर एक गैरसमज मनातून काढायला हवा. नाचणी आहे म्हणजे साखर वाढणार नाही असं नाही. बारीक पिठाची पातळ आंबील पटकन पचते आणि साखरही पटकन चढवते. अशा माणसाला कण्या, जाड दलिया, स्टील कट ओट्स, म्हणजे चावून खावा लागेल असा दाणा द्या, सोबत ताक, दाणे, भाजी. घरात यंत्र असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी साखर मोजा आणि आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. आम्ही सासूबाईंसाठी तसंच ठरवलं, आणि त्यांना आंबिलीपेक्षा कण्या मानवतात हे आम्हाला त्या वहीतून कळलं.

गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं आतड्याला इजा होते असा सीलिॲक आजार ज्यांना आहे त्यांना लापशी रवा वर्ज्य. ओट्समध्येही दळताना-भरताना गहू मिसळलेला असू शकतो, म्हणून त्यांनी ग्लूटेनमुक्त असा उल्लेख असलेली पिशवी डॉक्टरांना विचारूनच आणावी. ज्वारी, बाजरी, नाचणी त्यांना चालते, गिरणीत गव्हानंतर लगेच दळलेली मात्र नको.

ज्यांना तंतूंची सवय नाही त्यांनी पहिल्या आठवड्यात निम्माच वाडगा घ्यावा आणि पाणी वाढवावं, नाहीतर पोट फुगतं. रक्त कमी असलेल्यांनी या न्याहारीबरोबर चहा घेऊ नये, तास-दीड तासानं घ्यावा. चहामुळे धान्यातलं लोह कमी शोषलं जातं, आणि लिंबू पिळलं तर उलट जास्त शोषलं जातं.

उरलं तर

उरलेला तिखट ओट्सचा किंवा दलियाचा गोळा फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, बारीक चिरलेला कांदा, ओवा आणि तीळ घालून मळा. पाणी लागत नाही, लागलंच तर हाताला लावण्यापुरतं. ओल्या फडक्यावर थालीपीठ थापून तव्यावर टाका, मधे भोक पाडून तेल सोडा. उरलेल्या आंबिलीत तांदळाचं पीठ घालून धिरडी होतात. गोड ओट्स उरले तर त्यात कणीक आणि वेलची घालून लहान घावन घालते, मुलं शाळेतून आल्यावर ते तव्यावरूनच संपतात.